बूट होतानाच वायफाय हवं: एका हट्टी फर्मवेअरच्या नोंदी

२ मार्च २०२४

आधी प्रकल्प काय आहे ते लिहून ठेवतो, म्हणजे दोन महिन्यांनी उघडलं तर मलाच कळेल. एक छोटी मशीन आहे, तिला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. लिनक्सचं डेबियन १२, कर्नल (सिस्टीमचा गाभा) ६.१, डिस्क पूर्ण एन्क्रिप्टेड. तिथपर्यंत लॅन केबल नेता येत नाही, त्यामुळे नेटवर्क म्हणजे फक्त वायफाय, आणि कार्ड इंटेलचं एएक्स२१०. वीज जाऊन आली की मशीन स्वतःहून चालू होते आणि डिस्कचा पासवर्ड मागत बसून राहते, मग कोणीतरी कीबोर्ड घेऊन तिच्यापाशी जायचं. लॅनवर असती तर हे काम सोपं, ड्रॉपबेअर नावाचा छोटा एसएसएच सर्व्हर इनिटरामएफएसमध्ये टाकायचा आणि दुरून लॉगिन करून पासवर्ड द्यायचा, बरेच लोक तसं करतात. वायफायवर हेच करायचं तर ड्रायव्हर, फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम, तो ड्रायव्हर फाइलमधून चढवतो), डब्ल्यूपीए सप्लिकंट (पासवर्ड देऊन वायफायला जोडणारा प्रोग्राम) हे सगळं डिस्क उघडायच्या आधी हजर पाहिजे.

इनिटरामएफएस म्हणजे बूटलोडर कर्नलसोबत मेमरीत टाकतो ती तात्पुरती फाइल सिस्टीम. दरवेळी एवढं मोठं नाव टाइप करायचा कंटाळा येतो म्हणून खाली तिला छोटी रूट म्हणतो आणि डिस्कवरच्या खऱ्या सिस्टीमला मोठी रूट.

डेबियनची छोटी रूट बनवताना मॉड्यूल्ससाठी (म्हणजे कर्नलमध्ये वेगळे चढवायचे ड्रायव्हर वगैरे तुकडे) 'मोस्ट' सेटिंग असलं तरी वायरलेस ड्रायव्हर मुद्दाम वगळलेले असतात, इथरनेटचे सगळे येतात पण वायफायचा एकही नाही. म्हणून छोटी रूट बनवणाऱ्या इनिटरामएफएस-टूल्सच्या मॉड्यूल्स फाइलमध्ये नाव हाताने घातलं. इथे एक बारीक गोष्ट आहे: फक्त आयडब्ल्यूएलवायफाय लिहून भागत नाही. ते मॉड्यूल कार्डाशी बोलतं, फर्मवेअर चढवतं आणि मग आयडब्ल्यूएलएमव्हीएम नावाच्या दुसऱ्या मॉड्यूलला हाक मारतं, खरं वायफायचं काम ते करतं. अवलंबून आहे ते एमव्हीएम, वायफायवाल्यावर, उलटं नाही. म्हणून एमव्हीएमचं नाव लिहिलं की खालचं आपोआप येतं, खालचं लिहिलं तर वरचं येत नाही. छोटी रूट पुन्हा बनवणारी अपडेट-इनिटरामएफएस कमांड चालवली, स्क्रीन-कीबोर्ड तात्पुरते जोडले आणि बूट केलं.

वायफाय नाही. छोट्या रूटमध्ये नाही हे समजू शकतो, पण पासवर्ड हाताने टाकून मोठी रूट वर आल्यावरही वायफाय नाही. आणि कालपर्यंत याच मशीनवर, याच कार्डावर, मोठ्या रूटमध्ये ते बिनतक्रार चालत होतं!

डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, एकाखाली एक ओळी, ७२ नंबरची फाइल लोड झाली नाही (-२), ७१ नाही (-२), ७० नाही, असं करत ३९ पर्यंत, आणि शेवटी 'योग्य फर्मवेअर सापडलं नाही', किमान ३९ हवं, कमाल ७२ चालेल. मेनलाइन (मूळ, डेबियनने न बदललेल्या) कर्नलमध्ये हे मेसेज वेगळ्या शब्दांत येतात, डेबियन स्वतःचा पॅच लावून मजकूर जरा बदलतं, त्यामुळे नेटवरच्या एखाद्या गाइडमधलं वाक्य जसंच्या तसं ग्रेप केलं (लॉगमध्ये शोधलं) तर काहीच मिळत नाही. -२ शोधावा, तो दोन्हीकडे सारखाच.

गंमत म्हणजे लिब/फर्मवेअरमध्ये जाऊन बघितलं तर त्या नावाची एक फाइल आहे. ७२ नाही, जुन्या नंबरची आहे, पण ३९ ते ७२ च्या मधलीच आहे. मॉडप्रोबने ड्रायव्हर काढून परत घातला आणि वायफाय लगेच चालू. म्हणजे फाइल आहे, जागेवर आहे, ड्रायव्हरला ती चालते, आणि तरी लॉग म्हणतो सापडली नाही.

३ मार्च

रात्री विचार करत होतो तेव्हा अर्धं कोडं सुटलं, उरलेलं आज मशीनसमोर.

-२ म्हणजे 'अशी फाइल नाही'. हे वाचल्यावर सगळेजण फाइल आहे का ते बघतात, मीही तेच केलं, आणि ती बघितली मोठ्या रूटमध्ये बसून. पण ड्रायव्हरने मागितली तेव्हा मोठी रूट उघडलेलीच नव्हती. कर्नलला मागणी आली त्या क्षणी त्याच्यासमोर जी रूट असेल तिच्यातल्या लिब/फर्मवेअरमध्ये तो बघतो, आणि त्या वेळी समोर होती छोटी रूट. -२ खोटं बोलत नाही, फक्त कुठे आणि कधी शोधलं ते सांगत नाही.

दुसरा भाग असा की एकदा नाही म्हटलं की विषय संपला. फर्मवेअर मिळालं नाही की आयडब्ल्यूएलवायफाय कार्डावरचा ताबा सोडून देतो, मॉड्यूल मात्र मेमरीत बसून राहतं. मोठी रूट वर आल्यावर यूडेव्ह (हार्डवेअर ओळखून ड्रायव्हर मागवणारा प्रोग्राम) सगळ्या हार्डवेअरसाठी पुन्हा मॉडप्रोब करतो खरा, पण मॉड्यूल आधीच लोड आहे म्हटल्यावर काही घडत नाही. फर्मवेअर पुन्हा मागायला कोणी जातच नाही. म्हणून कालपर्यंत चालणारं वायफाय मी छोट्या रूटमध्ये ड्रायव्हर टाकल्याबरोबर दोन्हीकडे बंद पडलं. आधी ड्रायव्हर पहिल्यांदा लोड व्हायचाच मोठ्या रूटमध्ये, तिथे फाइल होती.

मग प्रश्न राहतो की छोट्या रूटमध्ये फाइल गेली का नाही. इनिटरामएफएस-टूल्स मॉड्यूलसोबत त्याचं फर्मवेअरही उचलतं, हे काम ते नेहमी करतं. एलएस-इनिटरामएफएसने आतली यादी काढली, यूकोडवर (फर्मवेअर फाइलींच्या नावाचं शेपूट) ग्रेप केलं: शून्य.

उत्तर मॉडइन्फोमध्ये, म्हणजे मॉड्यूलची माहिती दाखवणाऱ्या कमांडमध्ये, सापडलं. ड्रायव्हर आपल्याला कुठल्या फाइली लागतील त्याची यादी मॉड्यूलमध्येच लिहून ठेवतो आणि टूल ती यादी वाचून फाइली कॉपी करतं. या यादीत प्रत्येक जातीच्या कार्डासाठी एकच नाव आहे, सगळ्यात वरच्या नंबरचं. एएक्स२१० साठी टीवाय-ए०-जीएफ-ए०-७२. चालताना मात्र ड्रायव्हर ७२ पासून एकेक पायरी खाली उतरत ३९ पर्यंत विचारतो. मोठ्या रूटमध्ये तो उतरत उतरत जुन्या फाइलपर्यंत पोचायचा आणि काम व्हायचं. टूलला पायऱ्या उतरायच्या असतात हे माहीतच नाही, ते ७२ बघतं, मिळत नाही म्हणून एक वॉर्निंग छापतं आणि पुढे जातं. वॉर्निंग खरंच आली होती, 'पॉसिबल मिसिंग फर्मवेअर', पण या एकाच ड्रायव्हरखाली इंटेलची इतकी कार्डं येतात की आपल्याकडे नसलेल्या कार्डांच्या फाइलींच्या वॉर्निंग्जनी स्क्रीन भरून जाते, आणि आपल्या कामाची ओळ त्यात बुडते. ही वॉर्निंग कोणी वाचत असेल असं मला वाटत नाही.

(टीवाय म्हणजे टायफून पीक, जीएफ म्हणजे गारफील्ड पीक, एक मॅकचं (चिपमधला नेटवर्क सांभाळणारा भाग) नाव आणि एक रेडिओचं. एएक्स२१० ची पीसीआय आयडी ८०८६:२७२५. एलएसपीसीआयमध्ये आधी ही आयडी बघून घ्यावी, कार्डाच्या डब्यावरच्या नावावरून फर्मवेअर फाइल ओळखायला जाऊ नये, एका नावाखाली वेगवेगळी चिप निघू शकते.)

कर्नल नक्की कुठे बघतो ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं म्हणून ब्रेक=प्रीमाउंट देऊन बूट थांबवलं, बिझीबॉक्सच्या शेलमध्ये (छोट्या रूटमधली कमांड लाइन) डीबगएफएस माउंट केलं आणि डायनॅमिक डीबगमधून फर्मवेअर लोडरच्या मेन.सी चे मेसेज चालू केले. त्यानंतर ड्रायव्हर काढून घातला की प्रत्येक प्रयत्नाचा पूर्ण पाथ दिसतो. क्रम असा: लिब/फर्मवेअरमधल्या अपडेट्स फोल्डरमध्ये कर्नल व्हर्जनच्या नावाचा फोल्डर, मग नुसता अपडेट्स, मग लिब/फर्मवेअरखाली कर्नल व्हर्जनचा फोल्डर, आणि शेवटी नुसतं लिब/फर्मवेअर. फर्मवेअर-क्लास पाथ नावाचा बूट पॅरामीटर दिला तर तो या सगळ्यांच्या आधी. एका फाइलसाठी चार जागा, ३९ ते ७२ पर्यंत प्रत्येक नंबर, त्यामुळे आउटपुट लांबलचक येतं पण मनातली शंका जाते. -२ ने हैराण झालेल्या कोणालाही मी पहिल्यांदा हेच करायला सांगेन, अंदाज बांधत बसण्यापेक्षा परवडतं.

जुने गाइड अजून यूडेव्हकडे बोट दाखवतात, नियमाची फाइल बघा, टाइमआउट ६० सेकंद वगैरे. तो काळ गेला. फर्मवेअर चढवण्याचं यूडेव्हमधलं काम सिस्टीमडी (यूडेव्ह ज्याचा भाग आहे तो प्रकल्प) २१७ मध्ये, २०१४ साली काढून टाकलं, आता कर्नल थेट फाइल वाचतो.

९ मार्च

७२ नंबरची फाइल पॅकेजमध्ये का नाही हा राहिलेला प्रश्न. डेबियन १२ च्या फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय पॅकेजमध्ये ती असायला हवी. पॅकेजचं व्हर्जन बघितलं तर २०२१ चं, म्हणजे डेबियन ११ मधलं.

ही मशीन ११ वरून १२ ला अपग्रेड झालेली आहे. ११ पर्यंत असली बंद फर्मवेअर्स नॉन-फ्री विभागात असायची. ऑक्टोबर २०२२ मध्ये डेबियनच्या डेव्हलपर्सनी मतदान घेऊन ठरवलं की इन्स्टॉलरमध्ये फर्मवेअर द्यायचं, आणि १२ पासून, म्हणजे जून २०२३ पासून, त्यासाठी नॉन-फ्री-फर्मवेअर असा स्वतंत्र विभाग झाला. सोर्सेस लिस्टमध्ये (पॅकेजेस कुठून घ्यायची त्याची यादी) नुसतं नॉन-फ्री लिहिलेलं असेल तर अपग्रेड पार पडतं, कुठलीही एरर येत नाही, फक्त हे पॅकेज आहे तिथेच राहतं. कर्नल नवा, फर्मवेअर जुनं. एपीटी अपडेट (पॅकेजेसची यादी ताजी) करताना एक सूचना येते तेवढी.

मतदानाचा तो निर्णय मला पटलेला आहे, ज्याच्याकडे फक्त वायफाय आहे त्याला 'आधी नेटवरून फर्मवेअर उतरवून घ्या' म्हणणं म्हणजे किल्ली कुलपाच्या आत ठेवण्यासारखंच होतं. पण विभागाचं नाव बदलल्याचा असा फटका शांतपणे बसतो हेही खरं.

ओळ बदलली, पॅकेज नवीन आलं, छोटी रूट पुन्हा बनवली, एलएस-इनिटरामएफएसमध्ये ७२ दिसली. बूट. फर्मवेअर चढल्याचा मेसेज आला, ७२, ऑप मोड आयडब्ल्यूएलएमव्हीएम. इंटरफेस मात्र वर येईना. या वेळी -२ नाही, -११०, म्हणजे वाट बघून वेळ संपली.

लॉगमध्ये एक -२ अजूनही आहे, यो-यो नावाच्या डीबग फाइलचा. त्याच्याकडे दुर्लक्ष करायचं, ती इंटेलच्या लोकांना फर्मवेअर डीबग करताना लागते, आपल्याकडे नसतेच आणि नसली तरी काही अडत नाही. बऱ्याच जणांचा वेळ या एका ओळीने खाल्लाय, कारण लाल अक्षरात दिसणारी ती एकच ओळ असते आणि माणूस तिच्याच मागे लागतो.

१० मार्च

-११० चा शोध. तोच ड्रायव्हर, तीच ७२ फाइल, मोठ्या रूटमध्ये ड्रायव्हर काढून घातला की पाच सेकंदात वायफाय लागतं. छोट्या रूटमध्ये नाही. म्हणजे मोठ्या रूटमध्ये असं काहीतरी आहे जे छोटीत नाही आणि लॉग त्याचं नाव घेत नाही.

गेल्या आठवड्यात शिकलेली युक्ती परत वापरली, फर्मवेअर लोडरचं डीबग मोठ्या रूटमध्ये चालू केलं आणि कोणकोणत्या फाइली मागितल्या जातात ते बघितलं. यूकोडनंतर आणखी एक फाइल मागितली जाते, तेच नाव, नंबर नाही, शेपूट पीएनव्हीएम. प्लॅटफॉर्म एनव्हीएम, म्हणजे कार्डाच्या त्या त्या मॉडेलप्रमाणे लागणारा डेटा यूकोडपासून वेगळा काढून या फाइलीत ठेवलेला असतो, जुन्या इंटेल कार्डांना ही भानगड नव्हती. आता मॉडइन्फोची यादी पुन्हा वाचली: ६.१ मध्ये पीएनव्हीएमचं नावच नाही! ड्रायव्हर चालताना फाइल मागतो पण आधी जाहीर करत नाही, आणि छोटी रूट बनवणारं टूल फक्त जाहीर केलेलंच उचलतं. बरं, फाइल मिळाली नाही तरी ड्रायव्हर मोठ्याने तक्रार करत नाही, ती ओळ फक्त डीबगमध्ये येते, साध्या लॉगमध्ये शांतता.

हा ड्रायव्हरमधलाच राहून गेलेला भाग, नंतरच्या कर्नलमध्ये पीएनव्हीएमची नावं यादीत घातली गेली आहेत. ओपनसुसेच्या इन्स्टॉलर इमेजमध्येही याच कारणाने वायफाय चालत नव्हतं, कारण तिथेही मॉडइन्फोची यादी वाचून इमेज भरतात.

६.१ वर राहायचं असल्यामुळे हुक लिहिला. इनिटरामएफएस-टूल्सच्या हुक्स फोल्डरमध्ये छोटी स्क्रिप्ट, छोटी रूट बनताना ती आपोआप चालते आणि पीएनव्हीएम फाइल छोट्या रूटच्या त्याच पाथवर कॉपी करते. एक्झिक्युटेबल परवानगी द्यायला विसरायचं नाही, नसली तर स्क्रिप्ट चालतच नाही आणि तसं कोणी सांगतही नाही.

बूट. इंटरफेस वर आला. स्कॅन केलं, आजूबाजूची नेटवर्क्स दिसली, बिझीबॉक्सच्या प्रॉम्प्टवर, डिस्क अजून कुलूपबंद असताना. भारी वाटलं.

१६ मार्च

डब्ल्यूपीए सप्लिकंट आत टाकला. आणि त्यासोबत एक निर्णय घ्यावा लागला तो लिहून ठेवतो. बूट विभाग एन्क्रिप्टेड नाही, म्हणजे छोट्या रूटमधला वायफायचा पासवर्ड मशीन हातात आलेल्या कोणालाही वाचता येणार. इनिटरामएफएस कॉन्फिगमध्ये यूमास्क ००७७ केला की चालू सिस्टीमवरच्या इतर यूजर्सपासून ती फाइल लपते, डिस्क काढून नेणाऱ्यापासून नाही. म्हणून राउटरवर वेगळं नेटवर्क केलं, त्यात फक्त ही मशीन, मुख्य नेटवर्ककडे जायला वाट नाही. ड्रॉपबेअरच्या होस्ट कीचंही तेच, मोठ्या रूटमधल्या एसएसएचची की तिथे वापरायची नाही, वेगळी बनवायची.

जोडणी होत नाही. ऑथेंटिकेशन झालं, असोसिएशन झालं, चार पायऱ्यांचा हँडशेक सुरू झाला आणि सप्लिकंट म्हणतो पीटीके (हँडशेकमधून तयार होणारी चावी) ड्रायव्हरला देता आली नाही. डोक्यात फर्मवेअरच बसलेलं असल्यामुळे पुन्हा यूकोडवर संशय. पण चावी बसवताना कर्नलचा मॅक८०२११ हा वायफायचा थर क्रिप्टो भागाकडे एईएस एन्क्रिप्शनचा सीसीएम प्रकार मागतो, आणि तो सीसीएम नावाच्या वेगळ्या मॉड्यूलमध्ये असतो, सोबत सीटीआर. कर्नल ते चालताना नावाने मागवतो, मॉड्यूल अवलंबनाच्या यादीत ते नसतं. म्हणजे परत तीच गोष्ट, मागणी आयत्या वेळी, आणि छोट्या रूटमध्ये ज्याची आधी घोषणा नाही ते काही नाही. मॉड्यूल्स फाइलमध्ये सीसीएम, सीटीआर, सीमॅक अशा तीन ओळी वाढवल्या.

जोडलं. आयपी मिळाला. दुसऱ्या खोलीतून एसएसएच केलं, पासवर्ड दिला, डिस्क उघडली, मशीन वर आली आणि लगेच नेटवर्कवरून गायब झाली, कारण छोट्या रूटमधला सप्लिकंट अजून जिवंत होता आणि मोठ्या रूटमधला नवीन सप्लिकंट त्याच कार्डावर ताबा मागत होता. इनिट-बॉटममध्ये (छोट्या रूटचं काम संपताना चालणाऱ्या स्क्रिप्ट्सचा फोल्डर) एक स्क्रिप्ट टाकली, जुन्याला मारते आणि इंटरफेस खाली करते. ड्रायव्हरला हात लावत नाही. चढलेलं फर्मवेअर तसंच राहतं, मोठ्या रूटला परत चढवावं लागत नाही.

२३ मार्च

मित्राला हे सगळं दाखवलं तर तो म्हणाला, "अरे एवढं कशाला करतोस, स्वतःचा कर्नल कंपाइल कर, ड्रायव्हर आतच बिल्ट-इन ठेव, हुक नको मॉड्यूल नको." वेळ होता म्हणून करून बघितलं.

बिल्ट-इन ड्रायव्हरला फर्मवेअर मिळत नाही असं सर्रास म्हटलं जातं. छोटी रूटच नसेल तर ते खरं, ड्रायव्हर जागा होतो तेव्हा डिस्क माउंटच झालेली नसते. छोटी रूट असेल तर ती ड्रायव्हर्सच्या आधी उलगडली जाते, त्यामुळे तिच्यात फाइल असेल तर बिल्ट-इन ड्रायव्हरलाही मिळते. म्हणजे माझ्या बाबतीत फरक शून्य, फाइली छोट्या रूटमध्ये ठेवायच्याच आहेत. उलट आता मॉड्यूल नाही म्हणून त्यासोबत फर्मवेअर उचललं जाण्याची सोयही गेली, यूकोडही हुकमधूनच न्यायला लागला.

दुसरा मार्ग एक्स्ट्रा फर्मवेअर, म्हणजे फाइल कर्नलच्या बायनरीतच शिवून टाकायची. चालतं. पण यूकोड आणि पीएनव्हीएम दोन्हींची नावं हाताने द्यायची, कार्ड बदललं की कर्नल पुन्हा कंपाइल, आणि असा कर्नल दुसऱ्याला द्यायचा म्हटलं तर लायसन्सचा गुंता, तसा इशारा त्या पर्यायाच्या मदतीच्या मजकुरातच दिलेला आहे. स्वतःच्या एका मशीनपुरतं ठीक.

मित्राने स्वतःच्या डिस्ट्रोमधलं (लिनक्सचा त्याचा वेगळा प्रकार) अख्खं फर्मवेअर फोल्डरही दिलं होतं, नवीन आहे म्हणून. त्यातल्या सगळ्या फाइलींना झेडएसटी शेपूट, कॉम्प्रेस केलेल्या. कर्नलमध्ये कॉम्प्रेस्ड फर्मवेअरचा पर्याय चालू नसेल तर तो अशा फाइलीकडे बघतच नाही, आणि एरर कुठली तर -२. फाइल डोळ्यांसमोर, नाव तेच, फक्त मागे तीन अक्षरं जास्त. एक्सझेडचा आधार ५.३ पासून आहे आणि झेडएसटीडीचा ५.१९ पासून, पण कर्नल बनवताना तो पर्याय निवडावा लागतो. आणि स्वतः एक्सझेड करायचं झालं तर तिथे आणखी एक खड्डा आहे, एक्सझेड कमांड मुळात सीआरसी६४ लावते आणि कर्नलच्या आतला डिकोडर ते घेत नाही, सीआरसी३२ सांगून कॉम्प्रेस करावं लागतं.

शिवाय स्वतःच्या कर्नलवर रेग्युलेटरी डीबीची (कुठल्या देशात कुठले वायफाय चॅनल चालतात त्याची फाइल) तक्रार सुरू झाली, फाइल बिघडलेली आहे किंवा सही चुकीची आहे. डेबियन ही फाइल स्वतःच्या किल्लीने सही करून देतं, डेबियनच्या कर्नलला ती किल्ली माहीत असते, मेनलाइन कर्नलला नसते. पॅकेजमध्ये दोन्ही प्रती असतात, अपडेट-अल्टर्नेटिव्हजने अपस्ट्रीमवाली निवडली की तक्रार बंद. इंटेलच्या या कार्डाला तसा त्या फाइलीचा फारसा उपयोग नाही, कुठले चॅनल वापरायचे ते त्याचं फर्मवेअर स्वतःच ठरवतं, आयडब्ल्यू रेग गेटमध्ये 'सेल्फ मॅनेज्ड' दिसतं. पण आठवड्याच्या सुट्टीतला एक तास गेलाच.

निष्कर्ष: डेबियनचाच कर्नल, हुक ठेवायचा. मित्राला सांगितलं. "तुझी मर्जी," म्हणाला.

३० मार्च

पर्याय म्हणून एक यूएसबी डाँगल लावून ठेवायचं ठरवलं, एआर९२७१ चिपवालं. फक्त २.४ गिगाहर्ट्झ, एकच अँटेना स्ट्रीम, वेग कागदावर १५० एमबीपीएस. पासवर्डची एक ओळ पाठवायला एवढं पुष्कळ झालं.

हे निवडण्याचं कारण म्हणजे याचं फर्मवेअर खुलं आहे, सोर्ससकट, २०१३ मध्ये बाहेर आलं, आणि डेबियनच्या मुख्य विभागातच त्याचं पॅकेज आहे, नॉन-फ्रीचा प्रश्न नाही. एथ९के-एचटीसी मॉड्यूल घातलं, १.४.० नंबरची फाइल आपोआप छोट्या रूटमध्ये आली, बूटला ५१,००८ बाइट चढल्याची ओळ दिसली आणि इंटरफेस तयार. सगळं मिळून दहा मिनिटं. इंटेलवर इतके शनिवार घालवल्यावर हे बघून हसावं का काय कळेना.

एवढंच लक्षात ठेवायचं की हे डाँगल मात्र रेग्युलेटरी डीबीचं ऐकतं. या मशीनवर वायरलेस-रेगडीबी पॅकेजच नव्हतं (मागची सहीची भानगड त्या दुसऱ्या कर्नलच्या डिस्कवरची), ते टाकलं. सीएफजी८०२११ हा कर्नलचा वायफाय भाग स्वतः लोड होताना ही फाइल एकदाच मागतो, तेव्हा नसली तर सगळ्या जगाला चालेल असे मोजके चॅनल घेऊन बसतो. नंतर मोठ्या रूटमध्ये आयडब्ल्यू रेग रीलोड देता येतं, हे एक बरं आहे की इथे मॉड्यूल काढून घालावं लागत नाही.

६ एप्रिल

खरी परीक्षा कर्नल अपडेटची. सिक्युरिटी अपडेट आला, छोटी रूट आपोआप नवीन बनली, रिमोट रीबूट केलं, डाँगल काढून ठेवलं होतं, एएक्स२१० वरून पासवर्ड मागणी आली. पास.

पण ६.१ च्या पुढच्या अपडेटमध्ये नंबर बदलणार नाही म्हणून हे जमलं. बॅकपोर्ट्सवरून (चालू डेबियनसाठी नवीन पॅकेजेस देणारा विभाग) नवीन कर्नल घेतला की ड्रायव्हर ७२ च्या वरचं मागेल, पॅकेज जुनं राहिलं तर परत तोच प्रकार, मोठ्या रूटमध्ये पायऱ्या उतरून चालेल आणि छोटीत नाही. म्हणून हुक बदलला. आता तो लिब/फर्मवेअरमधल्या एएक्स२१० च्या सगळ्या यूकोड फाइली नंबर न बघता उचलतो, पीएनव्हीएमही उचलतो, आणि एकही यूकोड किंवा पीएनव्हीएम मिळाली नाही तर एररने बाहेर पडतो, म्हणजे अपडेट-इनिटरामएफएस तिथेच थांबतं आणि डीपीकेजी (पॅकेज बसवणारा प्रोग्राम) एरर दाखवतो. नुसती वॉर्निंग ठेवली असती तर तीही बाकीच्या वॉर्निंग्जमध्ये बुडाली असती. बूट विभागात काही एमबी जास्त जातात, जाऊ देत.

पीएनव्हीएमचं नाव मुद्दाम बदलून हुक चालवून बघितला, थांबला. नाव परत जागेवर.

कार्डाच्या ब्लूटूथचं फर्मवेअर वेगळंच आहे, इंटेल फोल्डरमधली आयबीटी-००४१-००४१ नावाची एसएफआय फाइल. ती छोट्या रूटमध्ये घेतलेली नाही. ब्लूटूथचा ड्रायव्हर मोठ्या रूटमध्येच पहिल्यांदा लोड होतो आणि त्याला तिथे फाइल मिळते, डीमेसेजमध्ये बघितलं, ठीक आहे. तो ड्रायव्हर मॉड्यूल्स फाइलमध्ये कोणी घालू नये म्हणून तिथे एक कमेंट लिहून ठेवली.